खिडकीकडे पाठ

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. आज वाकडी वाट करून मुद्दाम आलेले शहरातले सर्जनसाहेब. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून पाण्याच्या ग्लासाकडे एकटक बघणारी माझी भाची, म्हणजे तुमच्या नव्या डॉक्टर. दवाखान्यातले माझे सगळे सोबती. आणि समोर बसलेल्या, ज्यांची नाडी कधी ना कधी माझ्या हातात होती, अशा माझ्या भावांनो आणि बहिणींनो,

माझ्या निरोपाचा कार्यक्रम म्हणून अध्यक्षांनी माझं इतकं कौतुक केलं, की मला दोनदा मागे वळून बघावंसं वाटलं. म्हटलं, माझ्या पाठीमागे दुसरं कुणी उभं आहे की काय? तुम्ही हसलात. हसा. मला मात्र दवाखान्याच्या त्या जुन्या खोलीत इतकी वर्षं बसून मागे वळून न बघायची सवय लागली आहे, आणि ती कशी लागली तेच आज सांगायचं आहे.

कारण भाषणाच्या शेवटी मी एक निर्णय सांगणार, असं अध्यक्षांनी आधीच जाहीर करून टाकलं. आता माझी सुटका नाही. नवी इमारत उभी राहिली, रंग झाला, फक्त जुनी खोली तिच्यात सामावून घ्यायची राहिली आहे. त्या खोलीची मागची खिडकी ठेवायची की बुजवायची, यावर आपलं घोडं अडलं आहे. गवंडीदादा मागच्या रांगेत बसलेत, हात वर करा दादा. त्यांच्या विटा बोळात येऊन पडल्यात. मी हो म्हटलं की उद्या सकाळी काम सुरू.

बघा, खिडकीचं नाव काढलं आणि सभागृह कसं चिडीचूप झालं! आपल्या गावात असं एकही घर नसेल, जिथलं कुणी त्या खिडकीशी गेलेलं नाही. आणि प्रत्येकाला वाटतं, आपल्या घरातून आपण एकटेच गेलो. घाबरू नका. कुणाचं काही बाहेर काढणार नाही. पण ज्या तरुण मंडळींना ही गोष्ट माहीत नाही, आणि सर्जनसाहेब, तुम्ही तर पाहुणे, तुमच्यासाठी थोडं मागं जायला हवं.

मी इथं आले ती मोठ्या रुग्णालयातली नोकरी सोडून. स्वतःचा दवाखाना काढायचा, तोही जिथं डॉक्टर नाही तिथं, हे डोक्यात घट्ट बसलं होतं. घरच्यांनी कपाळाला हात लावला. इथले थोरले डॉक्टर वारून वर्षही झालं नव्हतं. त्यांच्या पत्नीनं, आपल्या काकूंनी, त्यांची खोली मला दिली. तपासायचं टेबल, खुर्ची, वजनकाटा, सगळं त्यांचंच. मी फक्त पाटी नवी रंगवून घेतली आणि माशा मारत बसले. हे म्हणायचं म्हणून म्हणत नाही. समोरच्या न्हावीदादांनी मला माशा मारायची जाळी आणून दिली होती. ते इथं आहेत, विचारा त्यांना.

रस्त्यावरून माणसं जायची, पाटी वाचायची, मान हलवायची आणि पुढं जायची. खोकणारा माणूस माझ्या दारासमोर आला की खोकला दाबायचा! मला काही कळेना. मी खोली स्वच्छ केली, पडदे धुतले. मागच्या भिंतीला एक लाकडी झडपांची खिडकी होती. तिच्यातून धड उजेड येईना, वारा येईना, म्हणून औषधांचं कपाट मी तिच्यापुढं लावून टाकलं.

एका सकाळी येऊन बघते, तर कपाट कोपऱ्यात. काकू घामाघूम, आणि शेजारचे शिंपीदादा कंबर धरून उभे.

काकू म्हणाल्या, "तू दवाखान्याचं दारच बंद केलंस की गं."

मी म्हटलं, "काकू, दार तर हे काय, सताड उघडं आहे."

"ते पुढचं. तिथून कोण येईल? समोर न्हावी, बाजूला शिंपी, पलीकडं चहाची टपरी. आत पाऊल टाकलं की संध्याकाळपर्यंत गावाला कळतं, अमक्याच्या सुनेला काहीतरी झालंय. लग्नाच्या पोरी आहेत घराघरात. हे आले तेव्हा यांनाही असंच बसावं लागलं होतं."

मग त्यांनी सांगितलं. थोरले डॉक्टर एकदा कंटाळून खिडकीकडे पाठ करून पेपर वाचत बसले होते. मागं बोळ, बोळाला पलीकडं नुसती भिंत, कुणाचं दार नाही. खिडकीखाली दगडाची पायरी. झडपांतून आतलं बाहेर दिसत नाही, बाहेरचं आत दिसत नाही. तिथून एका बाईचा आवाज आला. ती बोलत गेली. डॉक्टर वळले असते तर खुर्ची वाजून ती पळाली असती, म्हणून ते वळले नाहीत. ती थांबली तेव्हा फक्त "हं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी तीच बाई पुढच्या दारानं आली आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जरा खोकला झालाय." डॉक्टरांनी खोकल्याचं विचारलं, आणि तपासलं ते जे तपासायचं तेच.

तेव्हापासून ही रीत पडली. आज खिडकीशी सांगायचं, उद्या खोकला घेऊन पुढच्या दारानं यायचं. आणि खिडकीशी सांगितलेलं खोलीत कधी उच्चारायचं नाही. रोग्यानंही नाही, डॉक्टरनंही नाही. सर्जनसाहेब, तुमच्याकडं आमच्या गावाहून आलेला प्रत्येक माणूस आधी खोकल्याची तक्रार का सांगतो, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

मी काकूंना म्हटलं, "पण ते मला डॉक्टरकाका समजून बोलतील!"

"समजू देत. बोलतील तर खरं."

"माझा आवाज बाईचा आहे, काकू."

"'हं'ला कसला आलाय बाई नि पुरुष? पाठ करून बस, आणि माणूस बोलायचा थांबला की जरा थांब. लगेच म्हणू नकोस. हे थांबायचे."

मी बसले. मनातून हसत होते, हे कबूल करते. दुपारी टळटळीत उन्हात झडपांच्या मागून आवाज आला, "डॉक्टर, झोप लागत नाही हो." इतका जवळून आला तो आवाज, जणू मानेशी. मी वळणार होते. नाही वळले. तो माणूस बोलत राहिला आणि त्याच्या प्रत्येक वाक्यात तो हाक मारत होता ती गेलेल्या माणसाला. संपल्यावर मी थोडी थांबले आणि म्हटलं, "हं." दुसऱ्या दिवशी माझा पहिला रोगी पुढच्या दारानं आला. त्याला खोकला झाला होता.

पुढं सगळं सुरळीत झालं असं समजू नका. एक सासूबाई खिडकीशी येऊन सुनेचं गाऱ्हाणं गाऊन गेल्या, मी आपलं "हं" म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी गावभर झालं, की डॉक्टरबाईंचंही मत तेच आहे! सून तरातरा पुढच्या दारानं आली. तिला खोकला नव्हता, हे सांगायला नकोच.

पण दवाखाना वाढला तो या खिडकीवर. शेजारचं धान्याचं दुकान रिकामं झालं तिथं रक्त तपासायची खोली आली. मग गाडी घेतली. गाडीवर चालक आपले भोंगा, ज्यांचं खरं नाव त्यांच्या घरचेही विसरले असतील. नदीपलीकडच्या गावात शाखा काढली. चांगली खोली, मोठं दार, आणि कुणी फिरकेना. भोंगांनी चौकशी केली. लोक म्हणाले, "खिडकी कुठंय?" भोंगांनी त्याच दिवशी मागच्या पत्र्याला भोक पाडून त्यावर जुनी झडप ठोकली, आणि दुसऱ्या दिवशी त्या गावात खोकल्याची साथ आली. आज आपले पाच गावांत दवाखाने आहेत, तीन डॉक्टर आहेत, आणि सगळीकडं मागं एक झडप आहे.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझा आवाज जरा खाली येईल. माइकवाल्या दादांनी तो वाढवू नये.

मला वाटायचं, लोक फसलेत. त्यांना वाटतं आत थोरले डॉक्टर आहेत, आणि मी त्यांचा आब सांभाळते आहे. मग एक म्हातारे गृहस्थ आले. आता तेही नाहीत, म्हणून सांगते. झडपांशी येऊन म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही गेलात तेव्हा मी मुलाकडं होतो. पोचवायला येता आलं नाही. मनात धरू नका." आणि मग गुडघ्याचं सांगायला लागले. त्यांना सगळं ठाऊक होतं. तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही त्या माणसाशी बोलत होतात, तो गेलेला आहे हे जाणून. मग मी तिथं कोण होते? त्या दिवसापासून त्या खुर्चीत बसलं की माझ्या पाठीला गार लागायचं. भर उन्हाळ्यातसुद्धा. अजून लागतं.

काकू गेल्या त्याआधी मी त्यांना हे बोलले होते. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "खुर्ची तेवढी फिरवू नकोस." बाकी काही नाही.

आणि मग टोपल्या विणणाऱ्या वहिनी. त्या तिकडं डाव्या बाजूला बसल्या आहेत. त्यांनीच मला सांगितलं, "बाई, माझं सांगा, खुशाल सांगा," म्हणून सांगते.

माझे वडील गेले तेव्हा मी गावी गेले होते. दवाखान्याला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. काकू त्याच्या आधीच्या हिवाळ्यातच गेल्या होत्या. मी परत आले, कुलूप काढलं, खोलीत पाऊल ठेवते न ठेवते तोच या वहिनी पुढच्या दारानं आल्या. म्हणाल्या, "खोकला झालाय." आणि हळूच पुढं म्हणाल्या, "काल सांगितलं ना."

काल! काल त्या खोलीत कुणी नव्हतं. माझी पाचावर धारण बसली. काय सांगितलं, हे विचारायची सोय नव्हती. आणि 'काल मी नव्हते' असं म्हणाले असते, तर त्या उठून गेल्या असत्या आणि परत आल्या नसत्या. मी म्हटलं, "हं." त्यांना टेबलावर झोपवलं आणि डोक्यापासून सुरुवात केली. डोळे, घसा, मान, छाती. डाव्या काखेजवळ माझी बोटं थांबली. गाठ होती, लहान. वहिनी छताकडं बघत राहिल्या. त्याच आठवड्यात सर्जनसाहेबांनी ती काढली. साहेब, तुम्ही मला फोनवर म्हणालात, "इतक्या लवकर कशी सापडली तुम्हाला?" मी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. आज देते. मला नाही सापडली. ती कुणीतरी ऐकली.

पुढं कधीतरी वहिनींनी आपणहून सांगितलं, "तुम्ही जरा थांबून हं म्हणालात. थोरले डॉक्टर थांबायचे तसं."

मी शास्त्र शिकलेली बाई आहे. मी झडपा तपासल्या, वारा आला की त्या कशा वाजतात ते ऐकलं, छपरात पारवे आहेत का पाहिलं. शिंपीदादांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, मी कशाला हं म्हणू? मला तर माझ्या बायकोशीही हं म्हणायला फुरसत नाही." कुणीच नव्हतं. मग मी विचारणं सोडलं. वहिनी जिवंत आहेत, मला तेवढं पुरे होतं. खरं सांगू? पुरे नव्हतं. पण सांगणार कुणाला?

आता माझी भाची. शिकून आली, शहरात चार जागा चालून आल्या होत्या त्या सोडून इथं आली. मोठ्या मनाची पोर आहे, आणि डोकं माझ्यापेक्षा थंड आहे. ती पहिल्या दिवशी म्हणाली, "मावशी, ही खिडकी म्हणजे लाज आहे. लोकांनी तोंडावर बोलायला शिकलं पाहिजे. आपण बंद दाराच्या वेगळ्या खोल्या करू, तिथं कुणाला काही दिसणार नाही." तिचं काय चुकलं? काहीच नाही. मीही म्हटलं, बुजव. मनात आलं, निदान तुझ्या पाठीला तरी गार लागायला नको. विटा मागवल्या त्या मीच.

गेल्या आठवड्यात अध्यक्षांनी मला चहाला बोलावलं होतं, आजच्या कार्यक्रमाचं ठरवायला. भर दुपार होती. अध्यक्ष, मी तुमच्या ओसरीवर बसले होते की नाही? होते. साखर कमी पडली म्हणून मी तक्रारही केली. त्या वेळी माझी भाची खोलीत एकटी डबा खात होती. खिडकीकडं तोंड करून. ती नेहमी तशीच बसायची, हट्टानं. झडपांमागं एक मुलगी बोलायला लागली. कोण, काय, ते भाचीनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिनं ठरवलं होतं, आपण हं म्हणायचं नाही. उठायचं, बोळात जायचं, त्या मुलीला हाताला धरून आत आणायचं. ती उठायला लागली, आणि खोलीत कुणीतरी म्हणालं, "हं."

मी संध्याकाळी गेले तेव्हा डबा तसाच उघडा पडला होता. पोरीचा चेहरा पांढराफटक. मला म्हणाली, "मावशी, थोरल्या डॉक्टरांचा नव्हता गं आवाज. तुझा होता. तू आधी घसा साफ करतेस ना? तसा केला, आणि मग म्हणाला." आणि म्हणाली, "मी या खोलीत एकटी नाही बसणार. मला माफ कर. मी जाते परत."

मी भ्याले. हे तुमच्यासमोर सांगायला मला लाज वाटत नाही. मेलेल्या माणसाचा आवाज ऐकणं एक वेळ समजू शकते. पण मी तर धडधाकट आहे! चहा पीत बसले होते! मग त्या खोलीत माझं काय राहिलं आहे? आणि ते जर राहिलंच आहे, तर उद्या सामान बांधून इथून जाणार आहे ती कोण? आणि ही पोर गेली, तर इथल्या या झडपांमागं कुणी बसायचं? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

परवा दुपारी मी बोळात गेले. इतक्या वर्षांत मी त्या दगडाच्या पायरीवर कधी उभी राहिले नव्हते. तिथं उभं राहिलं की समोर नुसत्या झडपा दिसतात, लाकूड हातांनी गुळगुळीत झालेलं. तुमच्या हातांनी. आणि मी बोलायला लागले. माझं आहे, म्हणून मी सांगू शकते. मी म्हटलं, मला जायची भीती वाटते. म्हटलं, तिकडं घरी गेले की मला कुणी काही सांगणार नाही, आणि माझं मी कुणाला सांगायचं ते मला येत नाही, कारण मी आयुष्यभर फक्त ऐकलं. म्हटलं, मी मागं राहिले असेन तर त्या पोरीला घाबरवू नकोस. हे मी कुणाला म्हणत होते, मला माहीत नाही. मग शब्द संपले आणि मी थांबले.

आतूनही कुणीतरी थांबलं. आणि मग आलं, "हं."

काल सकाळी मी पुढच्या दारानं दवाखान्यात गेले. माझ्या भाचीसमोर उभी राहिले आणि न्हावीदादांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "जरा खोकला झालाय."

तिनं माझ्याकडं पाहिलं. हसली नाही. म्हणाली, "बसा." माझी नाडी धरली, आणि बराच वेळ सोडली नाही. म्हणाली, "औषध नको. दर महिन्याला येऊन दाखवून जात जा." ते 'हं' तिचं होतं, की माझं, की काकूंचं, की थोरल्या डॉक्टरांचं, हे मी तिला विचारलं नाही. विचारता येत नाही, रीत आहे. ती तरी कुठं काही बोलली? पण निघताना मी पाहिलं. तिची खुर्ची फिरवलेली होती. खिडकीकडं पाठ.

तेव्हा अध्यक्ष महोदय, निर्णय सांगायचा तो माझा नाहीच, तो कालच झाला. गवंडीदादा, तुमच्या विटा बोळातून उचला, येणाऱ्याच्या पायात यायला नकोत. त्यांची नव्या इमारतीपुढं बसायला एक ओटा बांधा. आणि माझ्या भाचीला पाण्याचा ग्लास भरून द्या कुणीतरी, रिकामा झालाय तो कधीचा.

आता आभार. आपण दिलेलं भिंतीवरचं घड्याळ मी घरी लावीन. अध्यक्षांचे, सर्जनसाहेबांचे, भोंगांचे, शिंपीदादांचे, न्हावीदादांचे आणि त्यांच्या जाळीचे मी मनापासून आभार मानते. ज्यांची नावं घेतली नाहीत त्यांचे जास्त, कारण त्यांनी मला सगळ्यांत जास्त सांगितलं आहे.

बोलायची सवय नाही, आज फार बोलले. कुणाला काही लागलं असेल तर पोटात घाला. आणि मी गेल्यावर, एखाद्या दुपारी, खोलीला कुलूप असताना आतून माझा आवाज आला, तर त्याचीही आजच माफी मागून ठेवते. पळू नका. तुमचं सांगून पुरं करा, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या दारानं या.